धक्क्याच्या टोकापर्यंत

मिशिगन सिटीच्या पूर्व धक्क्यावर दोन वाटा आहेत. खालची काँक्रीटची, रुंद. तिच्यावरून आपण सगळे जातो: गळ टाकून बसलेली माणसं, सायकल हातात धरून चालणारी मुलं, संध्याकाळच्या वाऱ्याला निघालेली म्हातारी जोडपी. दुसरी वाट आपल्या डोक्यावरून जाते. लोखंडी खांबांवर तोललेली, जेमतेम एक माणूस चालेल एवढी, दोन्ही बाजूंना कठडा. किनाऱ्यापाशी सुरू होऊन ती थेट टोकाच्या दीपगृहाला जाऊन भिडते. इथले लोक तिला कॅटवॉक म्हणतात. तिच्यावरून आता कुणी चालत नाही.

दीपगृह बघायला गेलेल्या माणसाचे डोळे साहजिकच टोकाकडे लागतात. पांढरा मनोरा, तांबडं छप्पर, मागे नजर पोचेल तिथवर पाणी. माझेही डोळे आधी तिकडेच होते. परत फिरताना मात्र मी मान वर करून त्या लोखंडी वाटेकडे पाहत पाहत आले, आणि त्यानंतर या दिव्याबद्दल जे जे वाचलं ते सगळं त्या वाटेशी येऊन थांबलं. धक्क्यावरच्या दिव्याची गोष्ट ही त्याच्या उजेडाइतकीच त्याच्यापर्यंत रोज चालत जाण्याची गोष्ट आहे.

मिशिगन सिटी हे गाव मिशिगन राज्यात नाही. ते इंडियाना राज्यात आहे, मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाजवळ. सरोवर म्हटलं की आपल्याला रंकाळा आठवतो, फार तर पवई. हे जवळजवळ ४९० किलोमीटर लांब आहे आणि त्याचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास भरतं. पलीकडचा काठ दिसत नाही. हवा स्वच्छ असेल त्या दिवशी शिकागोच्या उंच इमारतींचे शेंडे पाण्यातूनच वर आल्यासारखे दिसतात, तेवढीच पलीकडची खूण. पाणी गोडं. भरती-ओहोटी डोळ्यांना जाणवावी एवढी नाही. पण उत्तरेचा वारा एकदा सुटला की त्याला शेकडो किलोमीटर मोकळं पाणी मिळतं आणि त्या सगळ्या पाण्याचा रेटा या दक्षिणेच्या टोकावर येऊन आदळतो. नोव्हेंबरातल्या वादळांचा इथल्या खलाशांनी जो धसका घेतला आहे तो उगाच नाही.

इंडियानाच्या वाट्याला या सरोवराचा किनारा थोडकाच आला आहे. तरी राज्याला बंदर हवं होतं. १८३०मध्ये आयझॅक एल्स्टन नावाच्या जमीन-व्यापाऱ्याने ट्रेल क्रीकच्या मुखाशी जागा घेतली आणि पुढे तिथे गाव आखलं. ट्रेल क्रीक म्हणजे एखाद्या ओढ्याएवढी नदी. तिच्या मुखाशी वाळूचा दांडा होता आणि पाणी इतकं उथळ की मोठी गलबतं आत येऊच शकत नसत. ती बाहेर नांगर टाकून उभी राहत आणि माल लहान होड्यांतून किनाऱ्यावर आणावा लागे. आपल्या कोकणातल्या कितीतरी खाड्यांच्या मुखाशी हेच दुखणं आहे; बंदरं गाळाने बुजली की गावांचं काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको.

त्यावर उपाय एकच होता. नदीच्या मुखाच्या दोन्ही अंगांना पाण्यात आत आत धक्के काढत न्यायचे. जाड ओंडक्यांचे चौकोनी पिंजरे बांधायचे, ते दगडांनी भरून तळाशी बसवायचे, आणि एकापुढे एक अशी त्यांची रांग खोल पाण्यापर्यंत न्यायची. किनाऱ्याकाठाने सरकणारी वाळू धक्क्याने अडते, दोन धक्क्यांच्या मधून वाहणारं पाणी मुखातला गाळ बाहेर ढकलतं आणि वाट मोकळी राहते. काही वर्षं राहते. मग अडलेली वाळू साचत साचत धक्क्याच्या टोकाला वळसा घालते आणि धक्का आणखी पुढे न्यावा लागतो. मिशिगन सरोवराच्या काठच्या बहुतेक बंदरांची एकोणिसाव्या शतकातली कहाणी अशीच आहे: पुढे जाणारी वाळू आणि तिच्यापुढे जाऊ पाहणारा धक्का.

आणि धक्का जसा पुढे गेला तसा दिवाही पुढे गेला. १८३७मध्ये इथलं पहिलं दीपगृह उभं राहिलं ते काठावर. १८५८मध्ये त्याच्या जागी नवं बांधलं तेही काठावरच. राहायचं घर आणि त्याच्या छपरावर कंदिलाची काचेची खोली. लांबून येणाऱ्या जहाजाला ‘इथे गाव आहे’ एवढं सांगायला तो दिवा पुरेसा होता. पण वादळी रात्री बंदरात शिरू पाहणाऱ्या माणसाला गाव कुठे आहे हे कळून भागत नाही. त्याला दोन धक्क्यांमधली ती फट नेमकी कुठे आहे ते कळावं लागतं. चार हात इकडेतिकडे झालं की जहाज थेट दगडांवर. म्हणून धक्क्याच्या अगदी टोकाला वेगळा दिवा लागतो. किनाऱ्यावरचे आणि खडकांवरचे मोठे दिवे खलाशाला म्हणतात, इथून लांब राहा. धक्क्यावरचा लहान दिवा म्हणतो, इथून आत ये. जगातल्या एवढ्या दीपगृहांमध्ये मला या लहान दिव्यांची माया वाटते ती याच कारणाने.

याच सरोवरावर, थोडं उत्तरेला, मिशिगन राज्यातल्या सेंट जोसेफ गावी एका धक्क्यावर दोन दिवे आहेत, १९०७ सालापासून. एक टोकाला, एक थोडा आत आणि अधिक उंच. खलाशाने दोन्ही एका रेषेत आणले की त्याचं जहाज बरोबर वाटेवर आहे. आतला दिवा डावीकडे सरकलेला दिसला तर आपण भलतीकडे चाललोय. ना नकाशा हवा, ना हिशेब. रात्रीच्या अंधारात, भिजलेल्या डोळ्यांनीही कळेल असं हे सांगणं आहे. १९९५मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने या आणि शेजारच्या महासरोवरांवरच्या दीपगृहांची तिकिटं काढली त्यांत सेंट जोसेफही होतं. मिशिगन सिटीच्या वाट्याला दुसरं काही आलं. तिच्या वाट्याला हॅरिएट कोलफॅक्स आली.

हॅरिएटचा जन्म १८२४चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑग्डेन्सबर्गचा. भावाबरोबर ती इंडियानात आली. भाऊ वर्तमानपत्र चालवायचा. ती त्याच्याकडे छपाईचे खिळे जुळवायची आणि संगीत शिकवायची. पुढे भाऊ गाव सोडून गेला, ती राहिली. १८६१मध्ये मिशिगन सिटीच्या दीपगृहाचं काम तिच्याकडे आलं. तेव्हा ती छत्तीस-सदतीस वर्षांची होती, अविवाहित, अंगाने किरकोळ. त्या काळात अमेरिकेत दीपगृह सांभाळणाऱ्या बायका होत्या. पण बहुतेकींकडे ते काम नवऱ्याच्या किंवा बापाच्या मागे आलेलं असायचं. हॅरिएटला ते तिच्या स्वतःच्या नावावर मिळालं. त्यामागे वशिला होता हे लपवण्यात अर्थ नाही. तिचा चुलतभाऊ स्कायलर कोलफॅक्स तेव्हा काँग्रेसचा सदस्य होता. पुढे तो राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या कारकिर्दीत अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. गावात कुजबुज झाली असणारच. पण वशिल्याने माणूस दारातून आत येतो. त्रेचाळीस वर्षं रोज संध्याकाळी दिवा लावायला वशिला उठत नाही. हॅरिएट १८६१पासून १९०४पर्यंत त्या कामावर होती. सोडलं तेव्हा ती ऐंशी वर्षांची होती.

सुरुवातीची दहा वर्षं तिच्याकडे फक्त घरावरचा दिवा होता. तेल भरायचं, वात कापायची, काच पुसायची, पितळ घासायचं, आणि रात्री उठून पाहायचं की ज्योत ठीक आहे ना. १८७१मध्ये धक्क्याच्या टोकाला दुसरा दिवा आला आणि तिच्या आयुष्यात ती वाट आली. आता रोज घरून निघून पाव मैलाच्या आसपास पाण्यात आत चालत जायचं, दिवा लावायचा आणि परत यायचं. धक्क्यावरून लाटा जात असतील तर चालायला फळ्यांची उंच वाट होती. वारा मात्र तिथेही चुकत नसे.

त्या काळात दिव्यांना डुकराच्या चरबीचं तेल वापरीत. देवमाशाचं तेल महाग झालं म्हणून अमेरिकेच्या दीपगृह-मंडळाने या तेलाकडे मोर्चा वळवला होता. स्वस्त होतं, उजेडही चांगला द्यायचं. पण थंडीत तूप थिजतं तसं ते थिजायचं. म्हणून हॅरिएट घरातल्या चुलीवर तेल तापवायची आणि ते गरम आहे तोवर टोकाशी पोचायची. नोव्हेंबरातली उत्तरेची झोड, पायाखाली बर्फ, हातात गरम तेलाचं भांडं आणि डोक्यात एकच हिशेब: हे थिजायच्या आत मला तिथे पोचायचंय. कधी पोचेपर्यंत तेल घट्ट झालेलं असे. मग परत घर, परत चूल, परत तीच वाट. इतिहासाच्या पुस्तकांत धाडस म्हणून ज्याची नोंद होते ते बहुधा एका रात्रीचं असतं. इथे ते हिवाळाभर होतं आणि दर हिवाळ्याला होतं.

१८७४मध्ये तो दिवा पलीकडच्या, पश्चिमेच्या धक्क्यावर हलवला. बंदराच्या दृष्टीने ते योग्य असेल. हॅरिएटच्या दृष्टीने आता मध्ये नदी आली. आधी नदी ओलांडायची, मग धक्का चालायचा. त्या वेळी ती पन्नाशीची होती. १८८६च्या वादळात त्या धक्क्यावरचा दिवा मनोऱ्यासकट पाण्यात गेला. अशा वादळांतही ती त्या टोकापर्यंत जातयेत होती, हे लक्षात घेतलं की त्या लहानशा बाईच्या अंगातल्या बळाचा थोडा अंदाज येतो.

१८७२पासून दीपगृहांच्या राखणदारांना रोजनिशी ठेवणं बंधनकारक झालं. हॅरिएटनेही ती ठेवली आणि ती आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. वारा कुठला, हवा कशी, कुठलं जहाज आलं, कुठलं रुतलं, दिवा कसा जळला. स्वतःबद्दल फार थोडं. मला त्या नोंदींचं मोल वाटतं ते त्यांच्या सलगपणाचं. दिवस चांगला असो की भयंकर, त्याला जागा तेवढीच. खिळे जुळवणाऱ्या हाताला ती शिस्त आधीपासूनच असणार.

त्याच सुमाराला पूर्वेच्या किनाऱ्यावर, न्यूपोर्टमध्ये, आयडा लुइस नावाची तरुणी बुडणाऱ्यांना वाचवून देशभर गाजत होती. १८६९मध्ये हार्पर्स वीकलीच्या मुखपृष्ठावर तिचं चित्र आलं. तिचं शौर्य खरंच होतं, आणि तिला मिळालेला मान तिच्या हक्काचा. पण जे जहाज दिवा दिसला म्हणून दगडांवर गेलंच नाही, त्याचं चित्र कुठल्या मुखपृष्ठावर येणार? त्या जहाजावरची माणसं घरी जाऊन जेवली आणि झोपली. हॅरिएटचं काम या घडून न गेलेल्या गोष्टींत आहे, आणि त्यांची मोजदाद करता येत नाही.

तिच्याबरोबर त्या घरात ॲन हार्टवेल राहत असे. तीही ऑग्डेन्सबर्गचीच, शाळेत शिकवणारी. दोघींनी जवळजवळ सारं आयुष्य त्या दिव्याखाली एकत्र काढलं. ॲन सरकारी नोकर नव्हती, तिला पगार नव्हता. पण हिवाळ्याच्या रात्री एक बाई धक्क्यावर गेली असताना घरातली चूल जळती ठेवणारं आणि वरच्या दिव्याकडे लक्ष ठेवणारं दुसरं कुणी घरात होतं, हे विसरून चालणार नाही. १९०४च्या ऑक्टोबरात हॅरिएटने काम सोडलं. पुढच्या जानेवारीत ॲन गेली, एप्रिलमध्ये हॅरिएट.

आज आपण जे दीपगृह बघतो, ज्याची चित्रं कॅलेंडरांवर आणि गावाच्या पाट्यांवर असतात, ते याच १९०४ सालचं आहे. म्हणजे हॅरिएट निघाली आणि ते आलं. दगडी-काँक्रीटच्या पायावर खाली चौकोनी इमारत. तिच्यात धुक्यातल्या भोंग्याचं यंत्र. वर उतरतं छप्पर आणि त्या छपरातून वर आलेला अष्टकोनी मनोरा, माथ्यावर कंदिलाची खोली. ही रचना धक्क्यावरच्या दीपगृहांची खास आहे. मोठ्या दीपगृहात मनोरा मुख्य आणि बाकीचं त्याच्या पायाशी. इथे भोंग्याची इमारत मुख्य आणि दिवा तिच्या खांद्यावर. कारण या सरोवरावर, विशेषतः वसंतात थंड पाण्यावर कोमट हवा आली की, असं दाट धुकं पडतं की उजेड निरुपयोगी होतो आणि जहाजाला कानांवर यावं लागतं. भोंगा चालू ठेवायचा तर माणसाने टोकाशी तासन् तास थांबायला हवं. म्हणून नव्या दीपगृहाबरोबर ती लोखंडी वाटही आली, जुन्या फळ्यांच्या वाटेपेक्षा कितीतरी मजबूत.

मुंबईत कुलाब्याच्या टोकापुढे प्राँग्जचं दीपगृह आहे, १८७५चं. तिथे ओहोटीला समुद्र मागे सरतो, खडक उघडे पडतात आणि त्यांच्यावरून चालत दीपगृहापर्यंत जाता येतं. भरतीला वाट पुन्हा बुडते. समुद्र दिवसातून दोनदा रस्ता देतो आणि त्याची वेळ पंचांगात आधीच लिहिलेली असते. मिशिगन सरोवराला अशी वेळ नाही. ते शांत असतं तेव्हा महिनाभर शांत असतं आणि बिघडतं तेव्हा तासाभरात. त्याच्याकडून वाटेची आशा ठेवता येत नाही, म्हणून माणसाला डोक्यावरून वाट बांधून घ्यावी लागली.

नव्या मनोऱ्यासाठी भिंग मात्र नवं आणलं नाही. १८५८च्या घरावरचं फ्रेनेल भिंग उतरवून टोकाशी नेलं. ज्या काचा हॅरिएटने चार दशकांहून अधिक काळ पुसल्या होत्या त्याच काचा तिच्या जाण्याबरोबर धक्क्याच्या टोकाला गेल्या. ऑग्युस्तँ फ्रेनेल हा फ्रेंच अभियंता. साध्या ज्योतीचा उजेड चारही दिशांना, वर आकाशात आणि खाली पायथ्याशीही सांडून जातो. फ्रेनेलने ज्योतीभोवती काचेच्या लोलकांची कडी अशी रचली की वर-खाली जाणारा उजेड वळून क्षितिजाच्या पातळीत जावा. १८२३मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात ते पहिल्यांदा बसवलं. अमेरिकेने ते सर्वत्र स्वीकारायला तीस वर्षं लावली, ती पैसे वाचवण्याच्या नादात. त्या तीस वर्षांत मंद दिव्यांपायी जी जहाजं गेली त्यांचा हिशेब त्या बचतीत धरलेला नव्हता. या भिंगांच्या श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीचं भिंग एवढं मोठं की माणूस आत उभा राहील. ते महासागराच्या काठासाठी. मिशिगन सिटीचं पाचव्या श्रेणीचं, दोन हातांच्या कवेत मावेल असं. बंदराच्या तोंडासाठी तेवढं पुरतं. आज ते भिंग १८५८च्या त्याच जुन्या घरात आहे. घराचं १९७३पासून संग्रहालय झालंय. काचेच्या जवळ जाऊन उभं राहिलं तर लोलकांच्या कडांवर लहान लहान टवके दिसतात. ते मला फार आवडले.

काचेचा विषय निघालाच आहे तर टेकडीचं सांगायला हवं. बंदराच्या पश्चिमेला पूर्वी हूझिअर स्लाइड नावाची वाळूची टेकडी होती, जवळजवळ दोनशे फूट उंच. शिकागोहून आगबोटींनी सहलीला येणारे लोक ती चढत आणि घसरत खाली येत. १८९०च्या सुमारापासून काचकारखान्यांना ती वाळू हवीशी झाली. मन्सी गावच्या बॉल बंधूंच्या कारखान्यात तिच्यातून लोणच्या-मुरांब्याच्या बरण्या बनल्या. तीस वर्षांत मालगाडीच्या डब्यांतून अख्खी टेकडी निघून गेली. तिच्या जागी आता कोळशावर चालणारं वीजकेंद्र आहे आणि त्याचा प्रचंड मनोरा दीपगृहाच्या प्रत्येक चित्रात मागे येतो. अनेकांना तो खुपतो, चित्र काढताना लोक त्याला चौकटीबाहेर ठेवायची धडपड करतात. मला वाटतं, तो चित्रात असू द्यावा. या बंदराने काय काय दिलं आणि काय काय गेलं, ते त्याच्यासकटच कळतं.

त्या सहलीच्या आगबोटींशी जोडलेली एक तारीख मात्र या धक्क्यावर उभं राहून आठवावीच लागते. २४ जुलै १९१५, शनिवार. शिकागोच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कामगारांची वार्षिक सहल होती, मिशिगन सिटीला. कुटुंबंच्या कुटुंबं नवे कपडे घालून, डबे बांधून सकाळी शिकागो नदीवर जमली. त्यांत झेक स्थलांतरितांची घरं पुष्कळ. ‘ईस्टलँड’ या आगबोटीवर अडीच हजारांहून अधिक माणसं चढली. टायटॅनिकनंतरच्या नियमांमुळे तिच्या वरच्या मजल्यावर जादा जीवरक्षक होड्या चढवल्या होत्या आणि मुळातच डोक्याकडे जड असलेली ती बोट आणखी जड झाली होती. धक्क्याला दोर बांधलेले असतानाच ती कलली आणि एका कुशीवर आडवी झाली. काठ काही फुटांवर होता. ८४४ माणसं गेली. बावीस कुटुंबांत एकही माणूस उरलं नाही.

मिशिगन सिटीत त्या दिवशी उद्यान सजलेलं असणार, खाण्यापिण्याची तयारी झालेली असणार. ते वॉशिंग्टन पार्क अजूनही धक्क्याला लागूनच आहे. धोका पाण्याच्या टोकाला असतो, वादळात असतो, रात्री असतो असं धरून दिवे बांधले गेले. त्या दिवशी धोका शहराच्या मध्यभागी होता, भर सकाळी, संथ पाण्यात. आशेने निघालेल्या त्या माणसांना दुपारपर्यंत हा पांढरा मनोरा दिसायचा होता. धक्क्यावर फिरताना समोर पाण्यापलीकडे शिकागो दिसू लागलं की मी त्यांच्यासाठी क्षणभर थांबते.

नंतरचं थोडक्यात. दिव्याला वीज आली. १९३९मध्ये दीपगृहांचं खातं तटरक्षक दलात विलीन झालं. १९६०मध्ये दिवा स्वयंचलित झाला आणि रोज टोकापर्यंत जायचं कारणच संपलं. मग तटरक्षक दलाच्या लेखी ती लोखंडी वाट म्हणजे गंजत चाललेलं, कधीही कुणाच्या डोक्यात पडेल असं ओझं झालं. १९८०च्या दशकात ती काढून टाकायचा विचार पुढे आला. गाव उभं राहिलं. त्यांना दिवा हवा होताच, पण त्यांनी आग्रह धरला तो वाटेचा. १९८८मध्ये दीपगृह आणि कॅटवॉक दोन्हींची नावं एकत्रच राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत गेली. या सरोवराच्या काठी एकेकाळी अशा वाटा धक्क्याधक्क्यावर होत्या. आता हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच उरल्या आहेत. मनोरा वाचवायला पैसे मिळतात, माणसंही मिळतात. मनोऱ्यापर्यंतचा रस्ता वाचवणारी माणसं कमी असतात. मिशिगन सिटीने तो वाचवला याबद्दल मला त्या गावाचा आदर वाटतो.

शिकागोत आणि आसपास आता मराठी घरं बरीच आहेत. भारतातून आईवडील उन्हाळ्यात येतात, त्यांना दाखवायला डाउनटाउन होतं, नायगारा होतो. त्यांनी एक दिवस इकडे यावं. शिकागोहून साउथ शोअरची आगगाडी सरळ मिशिगन सिटीला येते. आल्यावर आधी जुन्या घरात जावं, भिंग बघावं आणि मग तिथून टोकापर्यंत चालत जावं. मोटारीने आलात तर ती धक्क्याजवळ लावून चालू नये, कारण मग अंतर कळत नाही. उत्तरेचा वारा असेल तर धक्क्यावर मुळीच पाऊल टाकू नये. लाट धक्क्यावरून जाते तेव्हा ती माणसाला बरोबर घेऊन जाते, आणि धक्क्याच्या कडेने जो प्रवाह ओढतो त्यात पट्टीचे पोहणारेही गेले आहेत. लहान मुलं असतील तर हात सोडू नये.

वेळ असेल तर परतताना पश्चिमेला दोन-तीन मैलांवर माउंट बाल्डी या वाळूच्या टेकडीपाशी थांबावं. इथे काठाकाठाने वाळू पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकते आणि बंदराचे धक्के ती मध्येच अडवतात. त्यामुळे धक्क्याच्या पूर्वेला गावाची पुळण रुंद होत गेली आणि पश्चिमेला या टेकडीच्या वाट्याची वाळू कमी पडली. सरोवर तिचा पायथा खातं, वारा तिचा माथा आत ढकलतो, आणि ती दरवर्षी थोडी थोडी जमिनीकडे सरकते. मागची ओकची झाडं तिने उभीच्या उभी पोटात घेतली आहेत. पायथा सावरायला सरकार बाहेरून वाळू आणून टाकतं, सरोवर तीही नेतं, आणि पुन्हा आणावी लागते. टेकडीच्या कडेने पाण्यापर्यंत उतरायला पायवाट आहे.